घोडीबरोबर आलेली मुलगी

श्रीरामपूर
२ नोव्हेंबर २०२५

ती. चांगुणा आत्या,
सप्रेम जय भीम.

फोनवर तुला ऐकू येत नाही आणि कानातलं यंत्र तू डब्यात घालून ठेवतेस, म्हणून हे पत्र. मला लिहायला आवडतंच. शाळेत दिवसभर मराठी शिकवते, पण आपल्या माणसाला लिहिलं जात नाही.

प्रशांतचं लग्न ठरलं. मुलीचं नाव करुणा. नागापूरची आहे, वडील एमआयडीसीत कामाला. लग्न २१ डिसेंबरला, रविवारी, त्यांच्याकडेच. प्रशांतचा एकच हट्ट आहे, मिरवणूक आपल्या मोगरीवर निघाली पाहिजे. रंभाजी मामा गेल्यावरही तू ती विकली नाहीस, तेव्हा सगळ्यांनी तुला वेड्यात काढलं होतं. आता तेच लोक विचारतात, घोडी येणार ना? तुझ्या गावाहून नागापूर काही फार लांब नाही. टेम्पोची व्यवस्था आम्ही करू.

दुसरं एक काम आहे. शाळेच्या दारातल्या फळ्यावर दर सोमवारी मी एक जुना शब्द लिहिते. या आठवड्यात 'वारू' घेतला. अर्थ लिहिला, तेजदार, चपळ घोडा. वापर म्हणून वाक्य लिहिलं, 'त्याच्या मनाचा वारू चौखूर उधळला.' लिहून झाल्यावर आठवलं की हा शब्द मी पहिल्यांदा तुझ्या घरी ऐकला. मामा कधी म्हणायचे ते मात्र आठवेना. तुला आठवत असेल तर कळव.

मित्रा मजेत आहे. जावयांना सुट्टी मिळत नाही, त्यामुळे तिचं लग्नाला येणं अवघड दिसतंय.

तुझी,
शुभांगी

•

१० नोव्हेंबर

चि. शुभांगीस चांगुणाचा जय भीम.

तुजं पत्र आलं तवा मी मोगरीला खरारा करत हुते. हात तसाच पुसून वाचलं. पोराचं लगीन ठरलं, लई बरं झालं. करुना नाव चांगलं हाय.

वारू म्हंजे घोडाच. तुजं बरोबर हाय. पन आमच्या घरात त्यो शब्द रोजचा न्हवता. नवं जनावर आनलं की तुजे मामा त्याला घोडंच म्हनायचे. घोडं बांध, घोड्याला पानी दाव. मग त्याला पहिल्या मिरवनुकीला न्यायचे. बँड, फटाके, अंगावर येनारी नाचनारी पोरं. काही घोडी तिथंच बिथरत्यात. काही मेल्यागत मान खाली घालून उभी ऱ्हात्यात. मामांना दोनी नको असायची. एखादंच असं निघतं, कान टवकारतं, अंगभर थरथरतं, जागच्या जागी पाय आपटतं, पन हातातनं जात न्हाई. तसलं घरी आनून बांधलं की रातच्याला जेवताना म्हनायचे, "चांगुने, वारू हाय गं." तेवडंच. पुना त्या जनावराला त्ये घोडं म्हनत नसायचे. माज्या समोर चार जनावरांना म्हनले. मोगरी शेवटची.

आनि एक वापर तू इसरलीस. तू शाळेला आमच्याकडं हुतीस, सायकलीवर सुप्याला जायचीस. माजी सासू दारात बसून म्हनायची, "वारू हाय आमची पोरगी." पुडं तू मोठी झालीस तवा तीच म्हनायची, "पोरगी हाय का वारू हाय?" शब्द त्योच, तोंड त्येच. तुला तवा रडू आलं हुतं. ह्ये बी लिव फळ्यावर, लिवायचं असलं तर.

मोगरी येईल. टेम्पो पाठव. पन माजे गुडघे गेले. आता ती ज्या हाताची हाय त्ये मानूस लगाम धराया येईल.

मित्राला बोलव. भावाचं लगीन हाय. जावयाला सुट्टी न्हाई म्हनून बहीन का घरी ऱ्हाती व्हय?

चांगुणा

•

श्रीरामपूर
१७ नोव्हेंबर २०२५

ती. आत्या,
सप्रेम जय भीम.

तुझं पत्र दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचताना शेवटच्या ओळीशी थांबले. तुला खोटं लिहिलंय. फोनवर खोटं सहज बोलता येतं. तुला लिहिलेलं मात्र पंधरा दिवस डोक्यातून गेलं नाही.

मित्रा नवऱ्याकडे नाही. ऑगस्टमध्येच ती निघाली. तो सकाळी कामावर जाताना बाहेरून कुलूप लावायचा आणि संध्याकाळी आल्यावर काढायचा. मारत नव्हता. हे तिनं मला उन्हाळ्यातच सांगितलं होतं. मी म्हणाले, "काळजीपोटी करत असेल." तेव्हा ती गप्प झाली. मला वाटलं, पटलं.

मग एका दुपारी ती आमच्या दारात उभी. हातात पर्सही नव्हती. आत प्रशांतच्या लग्नाची बोलणी करायला करुणाची मावशी विमलबाई बसल्या होत्या. मी दार अर्धवट लावून घेतलं आणि बाहेर येऊन म्हणाले, "भावाचं होऊ दे. तोवर कुठेतरी राहा." कुठेतरी! आईनं मुलीला असा पत्ता दिला. ती पायरीवरून उतरली आणि गेली. पुण्यात मैत्रिणीकडे आहे असा मेसेज आला. त्यानंतर मी रोज विचारते, "जेवलीस का?" ती लिहिते, "हो." बाकी काही विचारायचं धाडस होत नाही.

हे म्हणतात, वारू उधळला की मागे धावण्यात अर्थ नसतो, आपोआप थांबतो. भीमराज वाईट माणूस नाहीत, तुला माहीत आहे. पण मीही फळ्यावर तेच वाक्य लिहिलंय.

करुणाच्या घरी आम्ही सांगितलंय की मुलगी सुखात आहे, फक्त लांब आहे. कुणी तुला विचारलं तर तूही तसंच सांग. तुझ्याकडे एवढं मागायलासुद्धा मला लाज वाटते.

शुभांगी

•

२४ नोव्हेंबर

चि. शुभांगी,

मित्रा हितं हाय.

पुन्यात न्हाई. त्या दिवशी तुज्या दारातनं निघाली ती दोन येश्ट्या बदलून सुप्याला उतरली, आनि तिथनं चालत आली. तिनं शपथ घातली हुती, आई सोताहून खरं सांगंल तवरक बोलायचं न्हाई. तू सांगितलंस. म्हनून आता मोकळी झाले. मागल्या पत्रात मित्राला बोलव असं मी लिवलं, तवा ती माज्या शेजारी शेंगा फोडत बसली हुती. मी बी तुला फसवलंच. लाज फकस्त तुलाच हाय असं समजू नको.

आली तवा कडी लावलेल्या खोलीत तिला झोप लागत न्हवती. मी दार उघडं ठिवाया लागले. तरी उठून मोगरीच्या गोठ्यात जाऊन बसायची. घोडीला बी नवं मानूस नको असतं. कान मागं टाकायची, ही लांबच बसायची. दोघींनी एकमेकीला किती दिवस नुसतं बघितलं म्हनून सांगू! मग एक दिवस मी भाईर आले तर ही मोगरीच्या मानेवर गाल टेकून उभी. मामा गेल्यावर मोगरी माज्याशिवाय कुनाच्या हाताला राहिली न्हवती. आता माज्या बी ऱ्हात न्हाई. तुळशीच्या लगनानंतर दोन मिरवनुकी केल्या पोरीनं. फेटा बांधती, झूल सोता घालती. गावातले म्हनत्यात, आत्या, घोडी सांभाळाया मोतद्दार झ्याक मिळाला की तुला! मी म्हनते, मोतद्दार न्हाई, मालकीन हाय ती.

तुज्या फळ्याचं तू बघ. शिकलेल्या लोकांत तसा वापर असंल. पन मित्रा उधळली असं पुना लिवू नको. जनावर उधळतं त्ये भिऊन, वाट न बघता. नवरा कुलूप लावाया इसरला त्या दुपारी ही पायात चपला घालून, ग्यास बंद करून निघाली. मला सगळं सांगितलंय तिनं. ग्यास बंद करून, शुभांगी.

आता सांग. घोडी पायजे तर पोरगी येनार. पोरगी नको तर घोडी न्हाई. मी रुसून म्हनत न्हाई, मोगरी दुसऱ्याच्या हातात खरंच थांबत न्हाई.

चांगुणा

•

श्रीरामपूर
३ डिसेंबर २०२५

ती. आत्या,

ती तुझ्याकडे आहे हे वाचल्यावर मी स्वयंपाकघरात जाऊन खाली बसले. बरं वाटलं आणि मेल्याहून मेल्यासारखंही झालं. ज्या घरानं मला शाळेला ठेवून घेतलं, तिथेच ती गेली. मी तिला पत्ता दिला नव्हता, तरी तिला सापडला.

तिला यायला सांग. टेम्पो वीस तारखेला पाठवतो.

एक विनंती आहे. लिहू की नको असं चार वेळा झालं. तिनं नेहमीसारखा फेटा बांधूनच यावं. करुणाच्या घरी तिला कुणी पाहिलेलं नाही. तेवढा दिवस पार पडू दे. मी सगळ्यांत तिच्याशी फार बोलणार नाही, तिनं समजून घ्यावं. प्रशांतला मी सांगितलं आहे. तो माझ्यावर चिडला आहे, पण त्या दिवशी गप्प राहील.

मोगरीला काय लागतं ते कळव.

शुभांगी

•

श्रीरामपूर
२४ डिसेंबर २०२५

ती. आत्या,
सप्रेम जय भीम.

लग्न छान झालं! तू गर्दीत दिसलीस, पण बोलणं झालं नाही. करुणा गोड मुलगी आहे, दोनच दिवसांत घरची झाली. बुद्धवंदना झाली तेव्हा हे रडले, कुणाला दिसू नये म्हणून पंख्याकडे बघत होते.

मोगरीनं तर सगळ्यांना जिंकलं. बँडवाल्यांनी ठेका बदलला की तिचे पाय बदलायचे. नागापूरचे लोक अजून विषय काढतात. विमलबाई म्हणाल्या, "असली घोडी नगरात नाही."

मित्रा जेवली का? नंतर मी शोधलं, तर टेम्पो निघून गेला होता. तिचा मेसेज आला, "पोचलो." तब्येतीनं बरी वाटली. उन्हात थोडी काळवंडली आहे. तिला म्हणावं, आईनं विचारलंय.

फोटो आले की पाठवते.

तुझी,
शुभांगी

•

३० डिसेंबर

चि. शुभांगी,

तुजं पत्र मित्राला वाचून दावलं न्हाई. आदी तुला लिवते.

मी बहिरी हाय ह्ये सगळ्यांना ठावं हाय. बहिऱ्या मानसापुडं लोक काय बी बोलत्यात. पन सा वर्सं झाली, मी लोकांची तोंडं बघून बोलनं वळखते. तू बी इसरलीस.

मिरवनूक मंडपाच्या कमानीपाशी थांबली तवा मी पल्याड पायरीवर बसले हुते. तू आनि ती जरीच्या पदराची बाई, तीच विमलबाई असंल, मोगरीच्या उजव्या अंगाला उभ्या हुता. त्या बाईनं हात करून इचारलं, "ती पोरगी कोण हो? तोंडावळा अगदी प्रशांतचा."

तू म्हनलीस, "घोडीवाली आहे. घोडीबरोबर आलीय."

त्या बँडात कुनाला ऐकू गेलं नसंल. मला दिसलं.

फार बोलनार न्हाई असं तू लिवलं हुतंस, तेवडं मी गिळलं हुतं. बोलली न्हाईस तर न बोलनं हुतं त्ये. पन तू बोललीस.

पोरीनं ऐकलं का, मला ठावं न्हाई. मी इचारलं न्हाई, आनि ती सांगायची न्हाई. पन तुज्या त्या बोलन्यासरशी मोगरी दोन पावलं मागं सरली. समदी मिरवनूक तिनं कान हलवला न्हवता, फटाक्यांत उभी हुती. घोडीला लगामातनं हात कळतो. काय कळलं असंल त्ये तू समज.

मग घोडी नि पोरगी दोगी हुत्या तिथं उभ्या राहिल्या. नवरदेव उतरंस्तवर.

जेवली का इचारलंस. जेवली. बँडवाल्यांच्या पंगतीत, शेवटाला.

तुला शिव्या द्याव्या वाटल्या, पन तू बी माजंच पोरगं हाईस. काय करावं त्ये मला सांगता येत न्हाई.

चांगुणा

•

श्रीरामपूर
८ जानेवारी २०२६

ती. आत्या,

तुझं पत्र येऊन चार दिवस झाले. पहिल्या दिवशी मी मनात उत्तरं तयार करत होते. लग्नघर होतं, घाई होती, विमलबाईंनी अचानक विचारलं, तोंडातून निघून गेलं. सगळी उत्तरं लिहून पाहिली. एकही तुझ्यासमोर ठेवण्याजोगं नव्हतं. मला कुणी धमकावलं नव्हतं. एका बाईनं कौतुकानं विचारलं होतं, तोंडावळा प्रशांतचा कसा. तिला दोघांत माझंच तोंड दिसलं असणार. आणि मी ते नाकारलं. वाईट याचं वाटतं की बोलल्यावर मला हायसं वाटलं होतं. मी पुढे जाऊन पाहुण्यांना फेटे वाटले.

काल संध्याकाळी फोटोग्राफरचा फोन आला. अल्बम करतोय. म्हणाला, "मॅडम, घोडीवरचे फोटो मस्त आलेत, पण घोडीवाली पोरगी प्रत्येकात मधे येतेय. कापून टाकू का? नुसता नवरदेव ठेवतो."

मी ओट्यापाशी उभी होते. करुणा भाजी निवडत होती. हे बातम्या बघत होते. मी म्हणाले, "कापू नका. ती नवरदेवाची मोठी बहीण आहे. माझी मुलगी."

तो म्हणाला, "अरे! मग फॅमिलीच्या पानावर घेतो. नाव काय घालू खाली?"

"संघमित्रा भीमराज," मी म्हणाले. मोठ्यानं म्हणाले बहुतेक, कारण यांनी टीव्ही बंद केला. करुणाच्या हातातली मेथी तशीच राहिली. मग यांनी फोन माझ्या हातातून घेतला आणि फोटोग्राफरला म्हणाले, "आणि मोठा करा तो फोटो." पुढे बराच वेळ ते अंगणात उभे होते.

त्यानंतर, धीर आहे तोवर, मी विमलबाईंना फोन केला. त्या दिवशी त्यांनी काय विचारलं होतं आणि मी काय उत्तर दिलं, ते सांगितलं. कुलूपही सांगितलं. मला वाटलं होतं, आता प्रशांतच्या संसारावर पाणी पडणार. त्या म्हणाल्या, "अहो, मग त्या दिवशी बोलायचं ना. आम्ही पोरीला बँडवाल्यांत जेवायला बसवलं. आता आमच्या तोंडाला काय राहिलं?" एवढ्यासाठी मी पाच महिने मुलीला दाराबाहेर ठेवलं होतं. आपली अब्रू जाईल म्हणून धरून बसले, आणि दुसऱ्याच्या घरालाही शरमिंदं केलं.

शाळेत सोमवारी फळ्यावर पुन्हा 'वारू' घेतला. 'उधळला' ते वाक्य लिहिलं नाही. नवं सुचलं नाही. मामांचं ते जेवताना म्हणणं तीन मुलींना सांगितलं, त्यांनी वहीत उतरवून घेतलं. फळ्यावर सध्या नुसता शब्द आहे.

हे पत्र मित्राला दे. सगळं वाचू दे, विमलबाईंचंही. माफी मागायची आहे, पण ती पत्रात मागून हात धुवून घेणं बरं नाही. मी तिच्याकडे यायचं का, एवढंच तिला विचार. नको म्हणाली तर येणार नाही, आणि पुन्हा विचारीन. घर तिचं आहे. कुठेतरी नाही, इथे.

शुभांगी

•

१२ जानेवारी २०२६

आई,

आजीनं तुझी सगळी पत्रं मला दिली. एकदम वाचली.

मी ऐकलं होतं. बँडवाले गाणं बदलत होते, तेवढ्यात. आजीला वाटतं फक्त तिलाच कळलं. मोगरी मागे सरली ती माझ्यामुळेच. माझा हात सुटल्यासारखा झाला होता. वाटलं, लगाम टाकावा आणि निघून जावं. मला आता निघून जाता येतं. पण वर प्रशांत बसला होता, आणि त्याला घोड्यावर बसता येत नाही, तो नुसता धरून बसला होता. म्हणून राहिले. तुझ्यासाठी नाही राहिले. हे लिहायचं नव्हतं, पण तू खरं लिहिलंस म्हणून मीही लिहिते.

अल्बममधला फोटो नंतर बघू. घरी यायचं मी अजून ठरवलेलं नाही. इथे काम आहे. फेब्रुवारीपर्यंत मोगरीच्या तारखा लागल्या आहेत.

तू ये. रविवारी, अठरा तारखेला सकाळी ये. नालबंद यायचा आहे. नाल ठोकताना मला मोगरीचा पाय उचलून धरावा लागतो आणि आजीचे गुडघे साथ देत नाहीत. लगाम धरायला माणूस हवं. तिला तुझा हात नवा आहे, ती कान मागे टाकेल, पाय आपटेल. तू भिशील आणि तिला ते कळेल. ती दोन पावलं मागे सरेल.

सरू दे. फक्त सोडू नकोस.

मित्रा